सिंदखेडराजाची स्मारकयात्रा : अनुक्रमाचा प्रश्न

पुस्तकावर टीका लिहिण्याची रीत आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. नाटकावर, चित्रावर, गायनाच्या बैठकीवरहि आपण लिहितों. परंतु एखाद्या गांवांतील स्मारकें जाणत्या माणसाबरोबर पायीं हिंडून पाहणें ह्यालाहि एक रचना असते, आणि जेथें रचना आहे तेथें टीकेला जागा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. अशा फेरीला आरंभ असतो, मध्य असतो, शेवट असतो. कोणत्या दगडापाशीं थांबावयाचें, कोणता नुसतें बोट दाखवून मागें टाकावयाचा, कोणती कथा सावकाश सांगावयाची आणि कोणती चालतां चालतां उरकावयाची, हें कोणी तरी आधीं ठरविलेलें असतें. ऐकणारा मात्र आपण इतिहास पाहिला असें समजून घरीं जातो. वास्तविक त्यानें एका माणसानें लाविलेला इतिहासाचा अनुक्रम पाहिलेला असतो. देवाच्या प्रदक्षिणेला दिशा असते. ती उलट घातली तर पावलें तितकींच पडतात, पण प्रदक्षिणा होत नाहीं. स्मारकांच्या फेरीचेंहि असेंच आहे. प्रस्तुत लेखांत अशा एका फेरीचें परीक्षण करण्याचा विचार आहे.

आमच्या चिखलीहून देऊळगांवराजाच्या वाटेनें सिंदखेडराजा फार दूर नाहीं. लखुजी जाधवरावांचें हें गांव, जिजाबाईंचें माहेर. १२ जानेवारीस जिजाबाईंच्या जयंतीला तेथें लाखों माणसें लोटतात. त्या दिवशीं स्मारकें दिसत नाहींत, माणसें दिसतात. आणि तेंहि एक पाहण्याजोगें दृश्य आहे. परंतु ज्याला दगडांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत त्यानें गर्दी ओसरल्यावर जावें. गेल्या माघांत कॉलेजांतील चाळीसएक मुलें-मुली बरोबर घेऊन मी तेथें गेलों. फेरी दाखविणारा तरुण त्याच गांवचा होता. त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं, कारण पुढें जे दोष दाखवावयाचे आहेत ते त्याचे एकट्याचे नाहींत. त्यांतला मोठा वांटा माझ्यासारख्या शिक्षकांचा आहे. त्याचा आवाज चांगला होता, गांवावर त्याचें प्रेम होतें, आणि पैशासाठीं तो कथा लांबवीत नव्हता. एवढे गुण असलेला माणूस वाटाड्या म्हणून मिळणें हें भाग्यच समजलें पाहिजे.

अशा फेऱ्यांची कल्पना आपण पाश्चात्त्यांकडून उचलली असा एक समज आहे. तो खरा नाहीं. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' ही दुसरें काय आहे? चक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले, बसले, जेवले, निजले, त्या त्या जागा मागाहून येणाऱ्या अनुयायांस सांपडाव्या म्हणून ती रचली गेली. आमच्याच जिल्ह्यांतील मेहकर व लोणार हीं गांवें चक्रधरांच्या संचारांतलीं आहेत. आणि ह्या पोथीचे संपादक डॉ. वि. भि. कोलते हेहि ह्याच जिल्ह्यांतल्या नरवेलचे. पोथीची भाषा कोरडी आहे. अमुक देवळाच्या अमुक दिशेस अमुक जागा, येथें आसन, येथें भोजन, एवढेंच ती सांगते. विशेषणें जवळजवळ नाहींतच. लिहिणाऱ्याची भक्ति थोडी होती म्हणून असें झालें नाहीं. त्या जागेवर येणाऱ्याच्या भक्तीवर त्याचा भरंवसा होता म्हणून झालें. जागा नेमकी दाखविली कीं आपलें काम संपलें, पुढचें काम त्या जागेचें, असा हा विश्वास आहे. स्मारकें दाखविणाऱ्या कोणाहि माणसाची परीक्षा करावयाची तर माझ्या मतें हीच कसोटी हातीं घ्यावी.

आमच्या फेरीचा आरंभ राजवाड्यापासून झाला. तसा तो सर्वांचाच होतो. मोटारीच्या रस्त्यावरून येणाऱ्यास प्रथम तोच भव्य दरवाजा दिसतो, आणि आंत गेल्यावर ज्या महालांत जिजाबाईंचा जन्म झाला असें मानतात ती जागा दाखवितात. जन्माची तारीख १२ जानेवारी १५९८ अशी धरली जाते. तेथें आमच्या वाटाड्यानें जें भाषण केलें तें उत्तम होतें, पण तें जवळजवळ सगळें शिवाजीमहाराजांविषयीं होतें. तोरणा, अफझलखान, आग्रा, राज्याभिषेक ही सर्व मालिका त्या महालांत उभ्या उभ्या सांगून झाली. समोर जिजाबाईंचा पुतळा होता आणि त्यांच्या जवळ बाळ शिवाजी होता. माझ्या मनांत आलें, ही जागा एका मुलीच्या जन्माची आहे. येथें पाळण्यांत मुलगी होती. पण पुतळ्यांत ती मुलगी नाहीं, आणि भाषणांतहि नाहीं. ती जन्मतांच आई झाली आहे. आपल्याकडे थोर स्त्रीला दोनच नातीं देण्याची संवय आहे: ती कोणाची तरी कन्या असते आणि कोणाची तरी माता असते. ह्या दोहोंच्या मध्यें तिचें जें आयुष्य गेलें त्याला स्मारक नसतें.

तेथून आम्ही रंगमहालाकडे गेलों. रंगपंचमीच्या दिवशीं लखुजींनीं लहानग्या शहाजीस व जिजाबाईस एकत्र रंग खेळतांना पाहून, हा जोडा छान शोभतो असे थट्टेनें उद्गार काढले. मालोजी भोसल्यांनीं भर सभेंत उठून तो शब्द पक्का धरला. आणि त्यांतून सोयरिकीचा तंटा वाढला, ही कथा महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. आमच्या वाटाड्यानें ती फार रंगवून सांगितली व मुलें मनापासून हंसलीं. ही कथा बखरींची आहे. तेथून ती ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत गेली आणि तेथून आपल्या शाळांच्या पुस्तकांत उतरली. बखरीची कथा सांगूं नये असें माझें म्हणणें नाहीं. परंतु 'बखरकार असें सांगतात' हे तीन शब्द आधीं जोडण्यानें कथेचा रस कमी होत नाहीं. उलट ऐकणाऱ्याला कळतें कीं आपण एका जुन्या कथाकाराच्या तोंडून ऐकत आहों. ते तीन शब्द गाळले म्हणजे कथा पुरावा होऊन बसते; आणि पुढें दुसरी एखादी कथाहि तशीच पुरावा होऊन बसली तर तिला हटकण्याचा अधिकार आपण गमावून बसलेले असतों. असें कसें घडतें तें लौकरच दिसेल.

मधल्या वाटेवर एक चांगली संधि दवडली गेली. सिंदखेडराजांत मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, सजना बारव व पुतळा बारव आहेत. पुतळा बारवेंत उतरतांना भिंतींतील शिल्पें पाहून मुली थबकल्या. कोणी पायऱ्या मोजूं लागलें. आमच्या वऱ्हाडांत पाण्याची किंमत सांगावी लागत नाहीं. १८०३-०४ च्या दुष्काळानें हा सर्व मुलूख उजाड केला होता, आणि त्यांत मेलेल्यांची एक पणतीहि कोठें लावलेली नाहीं. ज्या घराण्यानें ह्या कोरड्या जमिनीवर पाणी अडविलें त्याची खरी कीर्ति तलवारीइतकीच ह्या बांधांत आहे. परंतु वाटाड्यानें तलाव दुरून दाखविला, 'येथें फोटो चांगला येतो' म्हणून सांगितलें आणि पांच मिनिटांत आम्हांस पुढें नेलें. घाई कशाची, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "सर, अजून समाधि राहिली आहे, आणि जेवणाची वेळ होत आली."

समाधि राहिली आहे. ह्या तीन शब्दांत त्या फेरीचा सगळा दोष आला.

लखुजी जाधवरावांची समाधि ही चौकोनी, उंच, भक्कम इमारत आहे. वाटाड्यानें ती 'सर्वांत मोठी' असल्याचें सांगितलें. कशांत सर्वांत मोठी, तें मला नीट कळलें नाहीं, आणि कळण्याची आवश्यकताहि वाटली नाहीं. त्यानंतर त्यानें २०२४ सालच्या जूनमधील शोधाची हकीकत सांगितली. समाधीच्या दुरुस्तीचें काम चालूं असतां केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळास तेथें जुन्या देवळाचा पाया लागला, आणि खोल खणतां शेषशायी विष्णूची मोठी, अखंड मूर्ति निघाली. लक्ष्मी पाय चुरते आहे, खालीं समुद्रमंथन कोरलेलें आहे. मूर्तीची लांबी १.७० मीटर व उंची १ मीटर भरली. हकीकत खरी आहे व ऐकण्याजोगीहि आहे. एका स्मारकाच्या पायाशीं दुसरें, त्याहून कित्येक शतकें जुनें असें स्मारक निजलेलें असावें, ह्यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु दहा मिनिटें विष्णूला गेलीं आणि ज्याची ती समाधि त्याला दोनच मिनिटें आलीं. 'निजामशहानें दौलताबादेस लखुजींना दगा करून मारलें' असें एक वाक्य झालें, आणि मंडळी पायांतले जोडे शोधूं लागली.

त्या वेळीं एका मुलीनें प्रश्न विचारला. ती मेहकरकडच्या एका खेड्यांतली, वर्गांत मागच्या बांकावर बसणारी. तिनें वाटाड्याला विचारलें, "दादा, बाप मारला गेला तेव्हां जिजाऊ केवढ्या होत्या? शिवाजीमहाराज जन्मले होते का तेव्हां?" वाटाड्या क्षणभर थांबला. मग त्यानें एक कथा सांगितली. लखुजी मोगलांच्या बाजूनें शहाजीच्या पाठलागावर निघाले होते. जिजाबाई सात महिन्यांच्या गर्भवती असल्यामुळें त्यांना घोड्यावरची दौड सोसेना. वाटेंत बापलेकींची भेट झाली. जिजाबाईंनीं बापाला खडसावलें. आणि बापानें मुलीला शिवनेरीस सुखरूप पोंचतें केलें. म्हणजे, तो म्हणाला, महाराज जन्मले तेव्हां आजोबा हयात असणार. मुलीनें मान हलविली. मीहि कांहीं बोललों नाहीं, कारण हीच कथा मीं वर्गांत वीस वर्षें सांगितलेली होती.

परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न मला सोडीना. घरीं आल्यावर मीं दोन तारखा एका कागदावर एकाखालीं एक मांडल्या. इतकीं वर्षें त्या दोन्ही मला पाठ होत्या, पण कधीं एकत्र ठेवल्या नव्हत्या. पहिली : लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव ह्यांचा दौलताबादेस वध, श्रावण शुद्ध पौर्णिमा, शके १५५१, म्हणजे २५ जुलै १६२९. दुसरी : शिवाजीमहाराजांचा शिवनेरीवर जन्म, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. दोन्ही प्रसंग एकाच शकांतले आहेत. मध्यें अंतर २०९ दिवसांचें आहे.

इंग्रजी वाङ्मयांत ॲडिसनचा वेस्टमिन्स्टर ॲबेंतील थडग्यांवरचा १७११ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. थडग्यांवरच्या स्तुतीपेक्षां तेथील तारखा त्याला अधिक बोलक्या वाटतात. तो निबंधहि मीं पुष्कळदां शिकविला आहे. पण सिंदखेडास उभें राहून तारखा वाचण्याचें मला सुचलें नाहीं, तें एका विद्यार्थिनीनें सुचविलें.

ह्या २०९ दिवसांचा हिशेब सोपा आहे. पूर्ण दिवसांचें बाळंतपण धरलें तर बाप, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशीं मारले गेले तेव्हां जिजाबाईंना तिसरा महिना होता. वय एकतीस. वाटाड्याच्या कथेंतला सातवा महिना लागला तेव्हां लखुजींना जाऊन कित्येक महिने लोटले होते. म्हणजे बापलेकीची ती वाटेवरची भेट, निदान ह्या गर्भारपणांत, होऊं शकत नव्हती. मग बखरकारांना ती कशी सुचली? त्याचेंहि उत्तर तारखांतच आहे. पूर्वीं महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ त, धरीत असत. त्या हिशेबानें लखुजी हयात होते व कथा कालगणनेंत बसत होती. पुढें जेधे शकावली उजेडांत आली. टिळकांनीं तिच्याकडे लोकांचें लक्ष वेधलें. १९१६ त ती छापली गेली. १९२७ त प्रसिद्ध झालेल्या परमानंदाच्या 'शिवभारता'नेंहि शके १५५१ लाच दुजोरा दिला. वादाला पुष्कळ वर्षें गेलीं, परंतु आज महाराष्ट्र शासनहि १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख धरून शिवजयंती करतें. जन्मतारीख पुढें सरकली. तिच्यावर टांगलेली कथा मात्र जागच्या जागीं लोंबत राहिली. आपण फेब्रुवारींत एक तारीख साजरी करतों आणि सिंदखेडास जाऊन दुसऱ्या तारखेची कथा सांगतों. दोहोंत विसंगति आहे हें आपणांस जाणवत नाहीं, कारण दोन्ही वाक्यें आपण एका जागेवर उच्चारीत नाहीं.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, दोनचार महिन्यांच्या फरकासाठीं एवढी सुंदर कथा टाकून द्यावयाची काय? लोक सिंदखेडास इतिहासाची परीक्षा द्यावयास येत नाहींत, नमस्कार करावयास येतात. आक्षेपांत तथ्य आहे, आणि कथा टाकून द्यावी असें मी म्हणतहि नाहीं. ती कां जन्मली ह्याचा विचार करावा असें म्हणतों. जाधव आणि भोसले ह्यांच्यांतील वैर हें कांहीं बखरकारांनीं रचलेलें नव्हे. खंडागळ्यांच्या हत्तीच्या प्रकरणांत जिजाबाईंचा भाऊ दत्ताजी व शहाजीचा चुलतभाऊ संभाजी हे दोघेहि पडले. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत लखुजी मोगलांकडे होते आणि शहाजी मलिक अंबराकडे. म्हणजे बाप एका फळींत आणि नवरा दुसऱ्या. अशा घरच्या मुलीला बापाची शेवटची भेट आयुष्यानें दिली नाहीं, ती कथेनें दिली. पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्यांना ती भेट घडावीशी वाटली, म्हणून ती घडली. हें कळल्यावर कथा मला अधिकच प्रिय वाटते. परंतु ती प्रिय वाटण्यासाठीं ती घडली नव्हती हें आधीं कळावें लागतें. खरी म्हणून सांगितली तर ती उलटच काम करते : बापलेकींचा समेट झाला, बाप सुखानें परत गेला, असें वाटून ऐकणारा समाधीपाशीं हलक्या मनानें उभा राहतो. ज्या जागीं एका घरांतल्या तीन पिढ्यांचे पुरुष एकत्र आठवावयाचे, तेथें तो जोडे शोधूं लागतो.

शकावलीची नोंद एका ओळीची आहे. तींत मारणाऱ्याचें नांव आहे, मेलेल्यांचीं आहेत, जागा आहे, तिथि आहे. मुलीचें नांव नाहीं. शकावलीला त्याचें प्रयोजनहि नव्हतें. त्या वधानंतर लखुजींची पत्नी व उरलेले आप्त दौलताबादेहून निसटून सिंदखेडास आले, जाधव मंडळी मोगलांना मिळाली, आणि शहाजीनेंहि निजामशाही सोडली. इतिहासाच्या पुस्तकांत ह्याला दरबारी उलाढाल म्हणतात. परंतु सिंदखेडास उभें राहिलें म्हणजे ही उलाढाल एका घराच्या दारांतून आंत येतांना दिसते; निदान दिसावी. तिथि श्रावणी पौर्णिमेची होती. आजच्या राखीच्या सणाचा भाव त्या काळावर लादण्याचें कारण नाहीं. पण आज तेथें येणाऱ्या मुलींना तो सण ठाऊक आहे, आणि कोणीं हळूच तिथि सांगितली तर पुढचें सांगण्याची गरज पडणार नाहीं. स्थानपोथीकार असता तर त्यानें एवढेंच केलें असतें.

आतां दोष दाखविल्यावर उपाय सांगणें टीकाकाराचें कर्तव्य आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं फेरीचा अनुक्रम बदलावा. सकाळच्या उन्हांत प्रथम तलाव व बारवा दाखवाव्या. जाधवांनीं ह्या मातीसाठीं काय केलें तें तेथें कळेल. मग रंगमहालांत रंगपंचमीची कथा सांगावी, बखरींची म्हणूनच सांगावी, आणि मुलांना मनसोक्त हंसूं द्यावें. त्यानंतर राजवाड्यांत यावें. तेथें शिवाजीमहाराजांचें चरित्र सांगूं नये, तें सर्वांना येतें. एका मुलीचा जन्म सांगावा, ती कोणत्या वैभवांत वाढली तें सांगावें, आणि थांबावें. शेवट समाधीपाशीं करावा. तेथें मंडळींना बसवावें. चार नांवें घ्यावीं, दोन तारखा सांगाव्या, मधले २०९ दिवस सांगावे. स्वराज्याची कथा तेथून पुढें ज्याची त्यानें आठवावी. पाचाडास, रायगडाच्या पायथ्याशीं, जिजाबाईंची स्वतःची समाधि आहे. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशीं, १७ जून १६७४ रोजीं, त्या तेथें वारल्या. जन्म सिंदखेडास आणि शेवट पाचाडास. ह्या दोन टोकांमध्यें जें सोसलें गेलें त्याचें एकमेव दृश्य चिन्ह म्हणजे बापाची ही समाधि आहे. आपण तिला 'राहिलेली' म्हणतों, हें बरें नव्हे.

ह्यांत दाखविणाऱ्यावर मोठा भार पडतो हें मला मान्य आहे. विजयाच्या कथेवर फेरी संपविली कीं टाळ्या मिळतात. शोकावर संपविली तर लोक गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या लोकांसमोर उभें राहणें अवघड असतें. मीं स्वतः वर्गांत वीस वर्षें टाळ्यांचा शेवट पत्करला. जिजाबाईंनीं मुलाला रामायण-महाभारताच्या कथा सांगितल्या असें आपण म्हणतों. अन्यायानें मारलेले बाप, एका दिवसांत निपुत्रिक झालेलीं घरें, भर दरबारांत झालेला विश्वासघात, हें सर्व त्या कथांतहि आहे. सांगणारीला तें पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें, ही गोष्ट मीं विद्यार्थ्यांना कधीं सांगितली नाहीं. ती माझ्या लक्षांतच आली नव्हती.

पुढच्या तासाला मीं वर्गांत माझी चूक सांगितली आणि फळ्यावर त्या दोन तारखा लिहिल्या. ज्या मुलीनें प्रश्न विचारला होता तिनें त्या वहींत उतरून घेतल्या व विचारलें, "सर, मग दादांना कळवायचं ना?" वाटाड्याला मीं फोन केला. त्यानें वाद घातला नाहीं; तारखा दोनदां विचारून घेतल्या. महिन्याभरानें त्याचाच फोन आला. एका कुटुंबाला त्यानें नव्या क्रमानें गांव दाखविलें होतें. समाधीपाशीं त्यांना बसविलें, नांवें सांगितलीं, तारखा सांगितल्या. "कोणी बोलेचना, सर," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांना आवडलं नाहीं. मग त्यांच्यांतली म्हातारी आजी उठली, समाधीला हात लावला, आणि म्हणाली, चला, उशीर झाला. जेवायला मात्र दोन वाजले."